चार पावलांवरून

आमच्या अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरांनी जो प्रश्न विचारला, तोच मला बोराबाजारातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानदारानं दीड वर्ष आधी विचारला होता. फरक एवढाच, की अण्णांना उत्तर द्यायला अर्धं मिनिट लागलं आणि मला ते अजून धडपणे देता आलेलं नाही.

गोष्ट परवाच्या नव्हे, त्याआधीच्या दसऱ्याची. थकबाकीचा एक हप्ता अनपेक्षितपणे हाती पडला होता. मराठीच्या प्राध्यापकाच्या हाती पैसे आले की तो पुस्तकं विकत घेतो, असा एक प्रेमळ गैरसमज समाजात आहे. मी कॅमेरा घ्यायला निघालो. तोही आजकालचा, बिनआरशाचा. पूर्वीच्या कॅमेऱ्यात भिंगामागं एक तिरपा आरसा असे. तो समोरचं दृश्य उचलून आपल्या डोळ्यापर्यंत पोचवी आणि बटण दाबलं की खटकन वर उडे. २००८ साली पॅनासॉनिकनं हा आरसा काढून टाकलेला कॅमेरा बाजारात आणला आणि २०१८ साली निकॉन आणि कॅनन यांनीही आपले मोठ्या सेन्सरचे कॅमेरे बिनआरशाचे केले. मधला आरसा गेल्यामुळं भिंग आत सरकलं. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात भिंगाची बैठक सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटरवर असे, ती नव्यात १६ वर आली. ही सारी विद्या मी आदल्या आठवड्यात रात्री जागून मिळवली होती, आणि ती कुठं तरी ओतावी म्हणून उतावीळ होऊन दुकानात शिरलो होतो. पण दुकानदारानं मला तोंड उघडू दिलं नाही.

"साहेब, बरोबर झूम देऊ की प्राइम?"

"दोहोंत चांगलं कुठलं?" मी विचारलं.

'सर, परीक्षेला महत्त्वाचं काय?' असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे मी ज्या नजरेनं पाहतो, त्याच नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

ज्यांना या दोन शब्दांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शाळेत आपण भिंगाचं नाभीय अंतर शिकलो होतो. मेणबत्ती, भिंग आणि पुठ्ठा घेऊन केलेला तो प्रयोग आठवा. हे अंतर ज्यात कमी-जास्त करता येतं ते झूम. ज्यात ते कायमचं एकच असतं ते प्राइम. मला दाखवलेलं झूम १५ ते ४५ मिलिमीटरचं होतं आणि प्राइम ३५ चं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान असल्यामुळं या आकड्यांची दीडपट केली, की जुन्या जाणकारांना ओळखीचे आकडे मिळतात. म्हणजे हे ३५ त्यांच्या ५० च्या जवळचं. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला तो असंच ५० मिलिमीटरचं भिंग लावून, आणि तेव्हापासून त्याला 'नॉर्मल' म्हणायची चाल पडली. दोन्ही भिंगं दीडशे ग्रॅमच्या आतली, दोन्ही मुठीत मावणारी. (कंपनीचं नाव सांगत नाही. जाहिरातीचे पैसे संपादकांकडे जातात, माझ्याकडे येत नाहीत.)

झूम कॅमेऱ्याबरोबर थोडक्या पैशांत मिळत होतं. मध्यमवर्गीय माणूस 'बरोबर मिळतं' या दोन शब्दांपुढं नेहमीच हरतो. मी झूम घेतलं.

आणि खरं सांगतो, त्या भिंगानं मला फार सुख दिलं. बसल्या जागेवरून उठायचं नाही. रिंग फिरवली की समोरच्या इमारतीतले गृहस्थ दाढी करताना जवळ येतात, उलटी फिरवली की सगळी डोंबिवली चौकटीत मावते. दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत मी नऊशे फोटो काढले. त्यांतले चारशे आमच्या गॅलरीतल्या तुळशीचे होते, हे सौभाग्यवतींचं निरीक्षण.

मग नरकचतुर्दशी आली. पहाटे साडेपाचची वेळ. दारात पणत्या, आत पाटाभोवती रांगोळी, स्वयंपाकघरातला एकच दिवा लावलेला. अण्णा पाटावर बसले होते आणि आई त्यांच्या खांद्यांना तेल लावत होती. अण्णा ऐंशीच्या घरात, आई पंचाहत्तरीची. त्रेपन्न वर्षं दर दिवाळीला घडणारी ही गोष्ट मी जन्मापासून पाहत आलो होतो. पण त्या पहाटे प्रथमच आईनं अण्णांचा हात धरून त्यांना पाटापर्यंत आणलेलं पाहिलं. मोतीबिंदू वाढला होता. पणतीची ज्योत त्यांना फुललेल्या कापसासारखी दिसते असं ते म्हणत. माणसं आवाजावरून ओळखत. मी दारात उभा राहून, झूम पार टोकाला नेऊन, लागोपाठ बावीस फोटो काढले.

बाविसांत एकही धड नव्हता. भिंत स्पष्ट, पाट स्पष्ट, रांगोळीचा ठिपकान् ठिपका स्पष्ट. आईचा हात मात्र नुसता धूर, आणि अण्णांचा चेहरा हलून दोन झालेला. फ्लॅश वापरून काढलेल्या एका फोटोत पणत्या विझल्यासारख्या दिसत होत्या आणि दोघंही पोलिसांनी पकडल्यासारखी.

"भिंगात हाताचा कंप सावरणारी यंत्रणा आहे म्हणून त्यानं सांगितलं होतं!" मी चिडून म्हणालो.

"ती तुमचा हात सावरते बाबा, आजीचा नाही," कन्या म्हणाली. ती बी.एस्सी.ला आहे. बापाला समजावून सांगताना या मुलींच्या चेहऱ्यावर जो सोशिक भाव येतो, तो मला माझ्या वर्गात कधी साधला नाही. तिनं कागद घेतला. टोकाला नेल्यावर माझ्या झूमचं छिद्र जास्तीत जास्त उघडायचं ते एफ ५.६ इतकं, प्राइमचं उघडतं एफ २ पर्यंत. हा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. ५.६ वरून ४, ४ वरून २.८, २.८ वरून २ अशा तीन पायऱ्या आणि दर पायरीला प्रकाश दुप्पट. म्हणजे आठपट. जो फोटो घ्यायला झूमला सेकंदाचा आठवा भाग लागत होता, तो प्राइमनं सेकंदाच्या साधारण साठाव्या भागात झाला असता. आणि सेकंदाच्या साठाव्या भागात, तेल लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा हात फार दूर जात नाही.

पणतीच्या उजेडाचं हे कोडं माझ्या एकट्याचं नव्हे, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. स्टॅन्ली कुब्रिक यांना १९७५ सालच्या 'बॅरी लिंडन' चित्रपटात मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग हवे होते. त्यासाठी त्यांनी त्साइस कंपनीनं अमेरिकेच्या नासासाठी बनवलेलं ५० मिलिमीटरचं, एफ ०.७ चं भिंग मिळवलं. अशी भिंगं बनली अवघी दहा आणि त्यांतली तीन कुब्रिक यांच्याकडे आली. तेही प्राइमच. इतकं मोठं छिद्र आणि वर नाभीय अंतर बदलायची सोय, असं दोन्ही एका नळीत बसवायला गेलं तर ती नळी उचलायला हमाल लागेल. आजही लग्नसराईतले व्यावसायिक २४ ते ७० मिलिमीटरची, एफ २.८ ची उत्तम झूम वापरतात, आणि त्यांतली चांगली भिंगं प्राइमच्या तोडीस तोड रेखीव असतात. पण सोनीचं २०१६ सालचं असं भिंग ८८६ ग्रॅमचं होतं, आणि २०२२ साली आलेली त्याची हलकी आवृत्तीदेखील ६९५ ग्रॅमची. किमतीचं तर बोलायलाच नको. थकबाकीचे सगळे हप्ते एकदम आले तरी पुरणार नाहीत.

त्या डिसेंबरात मी ३५ चं प्राइम आणलं. पहिले आठ दिवस नुसता मनस्ताप. दिवाणखान्यात उभा राहिलो तर कोणाचं डोकं कापलं जातंय, कोणाचे पाय. कन्या म्हणे, "बाबा, पायांनी झूम करा." हे वाक्य छायाचित्रकारांत सुभाषितासारखं चालतं. मी ते निमूटपणे आचरलं आणि मग माझ्या लक्षात आलं, की सुभाषित अर्धंच खरं आहे.

कसं ते सांगतो. आमच्या तुळशीच्या मागं, शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची एक काळी टाकी आहे. झूम १५ वर ठेवून तुळशीपाशी गेलो, की तुळस चौकटभर आणि टाकी मागं बोराएवढी. तेच खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ४५ नं तुळस तेवढीच मोठी घेतली, तर टाकी राक्षसासारखी तिच्या डोक्यावर उभी. दोन्ही फोटोंत तुळस सारखीच. बदललं ते तिचं आणि टाकीचं नातं. आणि ते भिंगानं बदललं नव्हतं. मी जागा बदलली म्हणून बदललं होतं. एकाच जागी उभं राहून कितीही रिंग फिरवा, चौकट लहान-मोठी होईल. तुळस-टाकीचं प्रमाण केसभर हलणार नाही. तेव्हा झूमचा खरा उपयोग आळशी माणसासाठी नाहीच! आधी कुठं उभं राहायचं ते ठरवावं आणि मग चौकट कापायला रिंग फिरवावी, हा त्याचा शास्त्रशुद्ध उपयोग. मी मात्र जिथं असेन तिथून रिंग फिरवत होतो. प्राइम आलं आणि चौकट ठरलेली असल्यामुळं जागा शोधणं भाग पडलं. मला वाटतं, वृत्तात लिहिणाऱ्याचं असंच होत असावं. अक्षरं मोजून दिलेली, तेव्हा शब्द तरी शोधायलाच हवा.

झूमबद्दल आणखी एक गंमत मला उशिरा कळली. लहान आणि स्वस्त झूमच्या रुंद टोकाला सरळ रेषा फुगतात. दाराची चौकट पिंपासारखी दिसते. कॅमेरा हे बाक आतल्या आत गणितानं सरळ करून देतो, आणि आरसा नसल्यामुळं आपण पाहतो तेही सरळ केलेलंच चित्र. मूळची चूक आपल्या दृष्टीसच पडत नाही. म्हणजे शुद्धलेखन तपासून मगच निबंध वाचायला द्यावा तसं. मी एवढी वर्षं पेपर तपासतोय. मला कोणी असे दिले नाहीत.

पण मी सांगत होतो जागेचं. संक्रांतीच्या सुमारास एका रविवारी जुने फोटो चाळायला बसलो आणि मला चमत्कारिक वाटू लागलं. झूमनं काढलेल्या घरातल्या प्रत्येक फोटोत मी दारात उभा होतो. वाढदिवस, हळदीकुंकू, अण्णांचं पेपर वाचणं, आईचं निवडणं-टिपणं, सारं काही दारातून. माणसं मोठी दिसत होती, पण मागची भिंत त्यांच्या पाठीला चिकटलेली. ती मला दिसलेली माणसं होती. त्यांच्याजवळ मी गेलोच नव्हतो.

मग अण्णांचा जुना आल्बम काढला. अण्णांकडे आगफा क्लिक थ्री होता. भारतातच बनणारा, काळा, डब्यासारखा, एका रोलवर बारा फोटो देणारा. त्याला एकच साधं भिंग, तेही न हलणारं. फार जवळ गेलं तर चेहरा पुसट, फार लांब गेलं तर माणूस मुंगीएवढा. म्हणून अण्णांनी स्वतःचं माप ठरवलं होतं: चार पावलं. माणसाला उभं करायचं, पाठ फिरवून चार पावलं मोजत जायचं, वळायचं आणि "हलू नका" म्हणायचं. १९७२ सालच्या त्यांच्या लग्नानंतरचा आईचा फोटो चार पावलांवरून आहे, माझा मुंजीतला चार पावलांवरून आहे. सगळ्या आल्बमभर अण्णा स्वतः एकदाच आहेत. ऊन पाठीशी असल्यामुळं आईच्या पायांशी त्यांची सावली पडली आहे, दोन्ही कोपरं वर केलेली.

त्या दिवसापासून मी ३५ लावून अण्णा-आईंच्या जवळ जाऊन बसू लागलो. आधी त्यांना संकोच वाटे. आई म्हणे, "अरे, नाकात घालतोस का ते यंत्र?" पुढं त्यांना सवय झाली. गेल्या दिवाळीच्या पहाटे मी दारात नव्हतो. पाटाशेजारी मांडी घालून बसलो होतो. फोटो आला. आईचा हात स्थिर, बोटांवर तेलाची चमक, पणतीचा उजेड जसा होता तसा. पण प्राइमचंही काही फुकट येत नाही. छिद्र एवढं उघडं ठेवून इतक्या जवळून घेतलं, की स्पष्टतेचा पट्टा चारदोन बोटांचाच उरतो. हात त्यात सापडला. अण्णांचा चेहरा वीतभर मागं होता, तो पुसट झाला. मी हळहळलो. कन्या म्हणाली, "छिद्र थोडं लहान करायचं होतं बाबा, ४ करायचं." बरोबर होतं तिचं. पण तेवढा प्रकाश तिथं नव्हता.

अण्णांनी तो फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला, डोळ्यांजवळ नेला, दूर केला आणि म्हणाले, "छान आहे." त्यांना काहीही दिसलेलं नाही, हे आम्हां सगळ्यांना कळलं. चैत्रात त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून तिथं नवं बसवायचं. हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली पहिल्यांदा असं भिंग बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले, विमानाच्या छताचे ॲक्रिलिकचे तुकडे डोळा निमूटपणे सोसतो, हे पाहून त्यांना ते सुचलं होतं. तर आमच्या डॉक्टरांनी दोन कागद पुढं केले. "एक भिंग एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवतं; बाकीच्यासाठी चष्मा लागतो. दुसरं लांबचं-जवळचं दोन्ही दाखवतं, चष्मा फारसा लागत नाही. ते महाग आहे. शिवाय ते आलेला प्रकाश वाटून घेतं, त्यामुळं रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. आजोबा, तुमच्या मागच्या पडद्याची वयानं थोडी झीज झाली आहे, म्हणून दुसऱ्याचा मी आग्रह करणार नाही. पण निर्णय तुमचा."

मला बोराबाजार आठवला. मी खिशातला हात घट्ट केला. महागाचं घ्यावं लागलं तर घ्यायचं, असं आम्ही घरून ठरवून आलो होतो.

"एकाच अंतराचं द्या," अण्णा म्हणाले.

"ठीक. मग बहुतेक लोक लांबचं घेतात आणि वाचायला चष्मा लावतात. काही वाचणारे लोक जवळचं घेतात. तुम्हांला कुठलं अंतर हवं?"

अण्णा रेल्वेत हिशेबनीस होते. आकडा सांगण्यापूर्वी मनात एकदा बेरीज करायची त्यांची सवय. ते थोडे थांबले.

"चार फूट."

"चार फूट?" डॉक्टरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "चार फुटांवर काय असतं आजोबा?"

"समोरच्या खुर्चीत ही बसते."

"इश्श! डॉक्टरांपुढं काय बोलावं याचा काही पोच?" आई म्हणाली आणि पर्समध्ये, नसलेलं काही तरी शोधू लागली. डॉक्टरांनी मान खाली घालून कागदावर लिहून घेतलं. असं बसवता येतं म्हणाले. लांबच्याला आणि वाचायला मात्र चष्मा लागेल. अण्णा म्हणाले, चालेल.

पट्टी निघाली त्या दिवशी मी ३५ चं लावून अगदी तयार होतो. अण्णा आपल्या खुर्चीत बसले, आई समोरच्या. बराच वेळ ते नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "अगं, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"मोतीबिंदूच बरा होता तुमचा!" आई म्हणाली.

मी बटण दाबायचं विसरलो.

आता यंदाच्या गणपतीतली हकीकत. गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या दहा बाय चौदाच्या खोलीत सतरा माणसं जमली होती. मी ३५ लावून मागं सरकत गेलो. पाठ कपाटाला टेकली तरी चौकटीत अकराच माणसं मावली. पायांनी झूम करायला आधी पायांना जागा असावी लागते, हे सुभाषितकारांना कोणी तरी कळवायला हवं. अण्णा गंमत बघत होते.

"किती मागं जाशील? भिंत आहे. ते तुझं पहिलं भिंग लाव. आणि आण इकडं, मी काढतो. तू बस त्यांच्यात."

मी १५-४५ लावून कॅमेरा त्यांच्या हाती दिला. त्यांनी लांबचा चष्मा चढवला, पाठ फिरवून सवयीनं पावलं मोजली. अडीच पावलांवर शोकेस आली. मग वळून त्यांनी रिंगला हात लावला. भिंग सुर्रर्र करत पुढं आलं, त्यांनी उलटं फिरवलं, ते मागं गेलं.

"अरे! हे इथल्या इथं जवळ येतं होय?"

एकाच अंतरावर समाधान मानणाऱ्या आमच्या तीर्थरूपांनी सतरा माणसांना हसऱ्या चेहऱ्यानं चार मिनिटं ताटकळत ठेवलं. एकदा आईला जवळ आणलं, एकदा गौरीला, एकदा नातीला, पुन्हा आईला. पोरं कंटाळून ओरडायला लागली. शेवटी "हलू नका" अशी आज्ञा झाली आणि बटण दाबलं गेलं.

फोटो थोडा तिरपा आहे. माझा एक डोळा मिटलेला आहे. पण सतराच्या सतरा माणसं आहेत, आणि समोरच्या भिंतीवरच्या लग्नाच्या तसबिरीच्या काचेत, कोपरं वर केलेले अण्णाही आहेत.